काळा तुकडा

यंदा टॉरकिल बटाट्यावर घसरला होता. बेल्टनच्या सणाला जेमतेम आठवडा उरलेला. मी चुलीपाशी. हा चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मार्सली, आग्याच्या पाल्याच्या सूपात यंदा बटाटा नको. बटाटा आपला नाही. समुद्रापलीकडून आलेला आहे तो. जुन्या लोकांना माहीतसुद्धा नव्हता."

"माझ्या आईला माहीत होता," मी म्हटलं.

"तुझी आई काही जुन्या लोकांतली नव्हे."

"ती मेली आहे, टॉरकिल. माणसानं आणखी किती जुनं व्हायचं?"

तो हसला. त्याचं ते हसणं मला कधीच सोसलं नाही. वर्गातल्या ढ पोरीकडे बघून मास्तर हसतो ना, तसं. "तू रागावतेस लगेच," असं म्हणून तो गेला, आणि फरशीवर दोन चिखलाचे ठसे ठेवून गेला. मी ते पुसले नाहीत. अल्पिन, माझा नवरा, मेंढ्यांकडून आला तेव्हा त्याला दाखवले. तो म्हणाला, "अगं, पुसून टाक की." मी म्हटलं, "तू पूस. मला ते बघून राग ताजा ठेवायचाय."

आमच्या खोऱ्यात बेल्टन फार आधीपासून आहे. मे महिन्याची पहिली संध्याकाळ, तळ्यावरची टेकडी, बर्चच्या लाकडांची आग, गुरांना आगीशेजारून नेणं आणि मग पोटभर खाणं. एवढंच. खालच्या गावातले चर्चला जाणारे लोक आम्हाला पेगन म्हणतात, अधर्मी म्हणून शिवी हासडल्यासारखं. माझी आई म्हणायची, म्हणू देत, त्यांच्या गायी काही आपल्यापेक्षा जास्त दूध देत नाहीत. मग आमच्या खोऱ्यातल्या ऊनाने टॉरकिलशी लग्न केलं आणि त्याला एडिंबरातून इथे आणलं. त्याने पुष्कळ पुस्तकं वाचली होती. दोन-तीन वर्षांत सण त्याचा झाला. त्याने अंगरखा शिवला, आगीपुढे भाषण सुरू केलं, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवलं. पुरुषांना बरं वाटलं. कुणीतरी सगळं ठरवतंय म्हटल्यावर त्यांना नुसतं लाकूड वाहायचं उरलं. स्वयंपाक मात्र माझ्याकडेच राहिला, कारण आगीपुढे हात पसरून उभं राहिल्याने क्रीम घट्ट होत नाही.

आणि स्वयंपाक काही थोडाथोडका नसतो. हिवाळाभर आम्ही खारवलेलं, वाळवलेलं, कोबी आणि सलगम खाऊन काढलेलं असतं. एप्रिल संपता संपता गायी व्यालेल्या असतात, कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागतात, आणि बेल्टनला हे सगळं एकदम ताटात यावं लागतं. ओढ्याकाठचा आग्या कोवळा असतानाच खुडायचा, नुसते शेंडे. जाड मोजे घातले तरी मनगटाला आग आग होतेच. तो ओटच्या जाड्याभरड्या पिठाबरोबर शिजवून सूप. बर्चच्या रानात पसरलेला रानलसूण चिरून नव्या लोण्यात घोटायचा. आंबट चुक्याची पानं ट्राउट माशाच्या पोटात भरायची. नासवलेल्या दुधाचं ताजं चीज फडक्यात टांगायचं. कॉडल करायचं, म्हणजे अंडी, दूध, लोणी आणि ओटचं पीठ मंद आचेवर ढवळत राहायचं, शेवटी मध आणि व्हिस्की. हात थांबला की तळाला अंड्याच्या गुठळ्या. आणि सगळ्यात शेवटी बॅनक. ओटची ही मोठी, जाड, गोल भाकरी. भाजता भाजता वरून अंडं आणि क्रीमचा लेप द्यायचा, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. पिवळीधमक, चकचकीत झाली पाहिजे. माझ्या आईची व्हायची. माझीही होते.

हा बॅनक खाण्याचा आहे तसा खेळण्याचाही. जितकी माणसं तितके तुकडे करायचे, त्यातला एक कोळशाने चोळून काळा करायचा, सगळे लोकरीच्या टोपीत टाकायचे. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेकाने हात घालायचा. शेवटचा तुकडा टोपी धरणाऱ्याचा. काळा ज्याच्या हाती येईल त्याने तीनदा आगीवरून उडी मारायची, आणि संध्याकाळभर बाकीच्यांनी तो मेला असं समजून बोलायचं. मी लहान होते तेव्हा यावर हसून हसून पोट दुखायचं. माझा काका एकदा 'मेला' तेव्हा बायका गळा काढून रडल्या होत्या की आता आमची उधार नेलेली शिडी कोण परत करणार. आणि मेलेल्याला पहिलं ताट मिळायचं, हे महत्त्वाचं.

टॉरकिलने हसणं बंद केलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की हा खेळ नव्हे, जुना बळी आहे. तेव्हापासून काळा तुकडा ज्याला येईल त्याने आगीच्या वर्तुळाबाहेर जाऊन अंधारात तोंड करून उभं राहायचं. त्याला खायला द्यायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. त्याच्याबद्दल बोलायचं, भूतकाळात, तो ऐकत असताना. टोपी अर्थातच टॉरकिलच्या हातात. "आग निवडते," असं तो म्हणायचा, "आपण कोण?"

आगीने पहिल्यांदा मुरियल आत्याला निवडलं. मुरियल आत्या अख्ख्या खोऱ्याची आत्या आहे, वय विचारलं तर काठी उगारते. तिने त्या वर्षी चारचौघांत सांगितलं होतं की टॉरकिल गुरांचं गाणं उलटं म्हणतो, शेवटचं कडवं आधी. गारठ्यात उभी राहून तिची छाती भरली, जून उजाडला तरी खोकत होती. पुढच्या वर्षी अल्पिनची पाळी. टॉरकिलच्या भाषणात त्याला हसू फुटलं होतं. तो उभा राहिला, आला, आणि माझ्याकडून कॉडलची दोन भांडी चाटूनपुसून खाऊन झोपला. त्याचं काही बिघडलं नाही. म्हणून आम्हालाही काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी टेकडीवर नव्हते. माझी लेक इन्व्हर्नेसला बाळंत व्हायची होती. मी आदल्या दिवशी सगळं रांधून, बॅनक फडक्यात बांधून अल्पिनच्या हाती दिला आणि गेले. परत आले तेव्हा अल्पिन माझ्या नजरेला नजर देत नव्हता. नातीबद्दल विचारायच्या आधीच तो म्हणाला, "यंदा काळा ग्रीरला आला."

ग्रीर म्हणजे आमची शेजारीण, भिंतीपलीकडची. शेळ्या पाळते. तिचा नवरा रोरी त्याआधीच्याच हिवाळ्यात तळ्यात बुडाला होता. होडी आधी सापडली, तो तीन दिवसांनी. टॉरकिल त्याच्या मातीला आला होता अंगरखा घालून, आणि कबरीपुढे बोलायला उभा राहिला तेव्हा ग्रीर म्हणाली होती, "तू नको. तू त्याला ओळखत नव्हतास." सगळ्यांसमोर. टॉरकिल मागे सरला, मान लववली.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी अल्पिनला विचारलं.

"आम्ही म्हटलं की हिला नको, दुसऱ्यांदा काढू. तो म्हणाला आगीशी सौदा होत नसतो. ग्रीरच म्हणाली, राहू द्या, उभी राहते."

"उभी राहिली?"

"हो."

"आणि तुम्ही बोललात? ती मेली म्हणून बोललात?"

अल्पिन पायातले बूट काढत बसला. एकच बूट किती वेळ काढावा माणसानं. "टॉरकिल बोलला," तो शेवटी म्हणाला. "म्हणाला, ग्रीर चांगली होती, पण तिचा नवऱ्यावर फार जीव होता, म्हणून त्याच्यामागून गेली."

मी पातेलं आपटलं. त्या पातेल्याचा कान अजून वाकडा आहे. ग्रीर त्या संध्याकाळी खाली आली ती उपाशी, आणि त्यानंतर वर्षभर तिचा आवाज भिंतीपलीकडून आला नाही. शेळ्यांनासुद्धा ती हाका मारत नव्हती, नुसती जाऊन हाताने ढकलून आणायची. मी जायची, चीज द्यायची. ती "ठेव" म्हणायची. टॉरकिलला मी तोंडावर सांगितलं की तू नीच आहेस. तो म्हणाला, "मी काय करणार, मार्सली? तुकडा तिच्या हाताने निघाला."

ते खरंच होतं. तुकडा तिच्या हाताने निघाला होता.

तर यंदा. बटाट्याचं झालं त्याच्या दोन-तीन दिवसांनी ऊना आली. ऊना माझ्याबरोबर शाळेत होती. बोलकी होती तेव्हा. तिने अंगावरच्या शालीतून ती लोकरीची टोपी काढली. "कुत्र्याने फाडली गं. टॉरकिल पर्थला गेलाय, संध्याकाळी येईल. तो यायच्या आत शिवून देतेस? नाहीतर कुत्र्याला मारेल."

टोपी माझ्या आजोबांची. आतून शेवटची बघितली होती त्याला जमाना झाला. मी ती खिडकीपाशी नेली, फाटलेलं किती आहे ते बघायला आतली बाजू बाहेर काढली. आजोबांच्या वेळचं अस्तर जाऊन नवं आलेलं, आणि त्याला एका बाजूला घडी होती. घडी नव्हे, कप्पा. वरून उघडा, तीन बाजूंनी शिवलेला, तुकडा मावेल एवढा. मी बोट घातलं. बोट काळं निघालं, आणि नखाखाली ओटचा चुरा.

टोपीच्या बाकी अस्तरावर कोळशाचा डाग नव्हता. तीन सणांत एकसुद्धा नाही. काळा तुकडा त्या अस्तरावर कधी मोकळा पडलाच नव्हता. कप्प्यात बसायचा, अंगठ्याने बाहेरून दाबून धरलेला, आणि ठरलेल्या माणसाचा हात आत आला की वर सरकवला जायचा.

"काय आहे?" ऊनाने विचारलं.

मी तिच्यापुढे टोपी धरली. ती वाकून टाके बघायला लागली.

"मी नाही शिवलेलं हे," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुझे टाके मला माहीत आहेत, शाळेत तुझा फ्रॉक मीच पुरा करून द्यायची."

"हा त्याचा टाका आहे. अंगरख्याला असाच घातलाय. एक सरळ, दोन तिरके. मला हात लावू देत नाही तो, म्हणतो बाईच्या हाताने अंगरखा बाटतो." मग ती एकदम म्हणाली, "परवा म्हणत होता, ग्रीरला यंदा सणाला आणायलाच हवं, माणसांत परत आणायला हवं. मला वाटलं दया आली."

"ऊना, यंदा तिने काय केलं?"

"वाटेत भेटली तेव्हा नमस्कार केला नाही."

मी टोपी शिवली. कुत्र्याने फाडलेलं तेवढंच शिवलं. कप्पा होता तसा ठेवला. सुई दोनदा बोटात गेली. ऊना टोपी शालीत घालून गेली, आणि दारातून जाताना म्हणाली, "मी काही बोलेन असं धरून चालू नकोस." मी म्हटलं, "धरलेलं नाही."

अल्पिनचं म्हणणं पडलं, सगळ्यांना घरोघर जाऊन सांगू. मी म्हटलं, आपण तिसऱ्या घरात पोचेपर्यंत त्याचं भाषण तयार असेल. कप्पा उसवलेला असेल. आणि लोक म्हणतील, मार्सलीला बटाट्याचा राग आलाय.

सणाच्या दिवशी सकाळपासून मी रांधलं. सूपात बटाटा घातला, नेहमीपेक्षा दुप्पट. ट्राउट भरले, चीज उतरवलं, लोण्यात लसूण इतका घोटला की अल्पिन म्हणाला आता लोण्याला दुखतंय. मग बॅनक थापला. पहिला लेप दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. पिवळाधमक झाला. इतका चांगला माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता, खरं सांगते. मी तो तव्यावर ठेवून बघत बसले, आणि मग खाली लाकूड सारलं. आणखी सारलं.

घरभर धूर झाला. अल्पिन गोठ्यातून धावत आला. "अगं जळतंय! मार्सली, जळतंय!"

"जळत नाहीये. जाळतेय."

तो दारात थांबला. माझ्या हाताखालून जळकी भाकरी कधी बाहेर पडलेली त्याने पाहिली नव्हती. मी ती उलटली आणि दुसरी बाजूही जाळली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुरानेच येत होतं असं नाही. चांगलं क्रीम, घरच्या कोंबड्यांची दहा-बारा अंडी. स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, मुद्दाम जाळायला काय लागतं ते. काळा ठिक्कर झाला तेव्हा मी त्याला फडक्यात गुंडाळला.

टेकडीवर ऊन अजून होतं. तळं खाली चमकत होतं, गुरं आगीशेजारून नेऊन झाली होती. ग्रीर आली होती. ऊनाने तिला आणलं होतं, आपणहून की टॉरकिलने पाठवलं म्हणून, ते मी विचारलं नाही. ग्रीर सगळ्यात कडेला उभी होती, हात बाह्यांत घालून. टॉरकिलचं भाषण झालं. मग तो टोपी घेऊन माझ्याकडे वळला. "मार्सली, बॅनक."

मी मधे गेले, गवतावर बसले, फडकं सोडलं.

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मुरियल आत्या काठी टेकत पुढे आली आणि वाकून बघितलं. "जळला गं तुझा!"

"जळला नाही, आत्या. जाळला. यंदा सगळेच तुकडे काळे आहेत. कोळसा चोळायची दगदग नको, टोपी धरायचीही नको. घ्या एकेक. टॉरकिल, पहिला तू."

"हे काय चाललंय?" टॉरकिल म्हणाला. आवाज अजून मास्तरचाच होता. "हा विटाळ आहे. सणाच्या अन्नाशी खेळतेस तू."

"मी खेळते? टोपी दे इकडे."

त्याने दिली नाही. मी उठून ओढून घेतली. आतली बाजू बाहेर काढली आणि आगीपुढे वर धरली. "हा कप्पा बघा. हात घाला, घाला, लाजू नका. ड्यूगल, तू घाल. काय लागलं बोटाला? कोळसा. बाकी टोपी बघ, आहे कुठे कोळसा? काळा तुकडा इथे बसायचा. आत्या, तू त्याचं गाणं चुकलेलं सांगितलंस, तुला आला. अल्पिन हसला, त्याला आला. ग्रीरने कबरीपाशी त्याला 'तू नको' म्हटलं. आग निवडते म्हणे! आग नाही, याचा अंगठा निवडतो!"

मी ओरडत होते. माझा आवाज तळ्यावरून परत येत होता.

टॉरकिल हलला नाही. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "टोपी या आठवड्यात कुणाकडे होती, विचारा हिला. शिवायला हिच्याकडेच होती. सुई हिची, कोळसा हिच्या चुलीतला. बटाटा घालू नको म्हटलं म्हणून एवढं?"

आणि मी बघितलं, लोक माझ्याकडे बघायला लागले. पुढे उभ्या असलेल्या ड्यूगलने कप्प्यात घातलेलं बोट पँटला पुसलं. टोपी दुरुस्तीला आली होती हे खरं होतं. त्याला कसं कळलं? नवा धागा दिसला असणार. मी टोपी तशीच वर धरून उभी होते.

"टाका तुझा आहे," ऊना म्हणाली.

ती त्याच्या मागेच उभी होती. तिने खाली वाकून त्याच्या अंगरख्याची कड धरली आणि उलटली. तो मागे सरला तशी कड ताणली गेली आणि टाके उघडे पडले. "एक सरळ, दोन तिरके. ग्रीर, टोपी आण इकडे. बघ. सारखे आहेत की नाहीत, तूच सांग."

"ऊना, सोड," टॉरकिल म्हणाला.

"बाटला का?" ऊना म्हणाली. कड सोडली नाही.

ग्रीर आली. तिने टोपी घेतली, कडेजवळ धरली, दोन्हींवरून अंगठा फिरवला. मग ती खाली वाकली, बॅनकचा एक कोपरा मोडला. कडकन मोडला. तो तिने टॉरकिलपुढे धरला.

"घे."

"ग्रीर, तुझं दुःख मला—"

"घे आणि उडी मार. मग तिकडे जाऊन उभा राहा, तोंड त्या बाजूला करून. आम्ही तुझ्याबद्दल बोलतो. चांगलं बोलू. तू चांगला होतास, असं म्हणू."

ती हे अगदी सावकाश बोलली. टॉरकिलने तुकडा घेतला नाही. त्याने अंगरखा ऊनाच्या हातातून झटका देऊन सोडवला आणि उताराने चालायला लागला. दोन-तीन कुटुंबं त्याच्यामागून गेली. जाताना त्यातली एक बाई माझ्याजवळ थांबून म्हणाली, "मुलांसमोर हे करायला नको होतं." मी म्हटलं, "गेल्या वर्षी मुलं नव्हती का?" ती गेली.

उरलो ते उभेच होतो. आग पेटलेली, सूप निवत चाललेलं. कुणाला काय करावं सुचेना. इतक्यात ऊनाने बॅनकचा तुकडा उचलला, घागरा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि धावत जाऊन आगीवरून उडी मारली. परत आली, पुन्हा मारली. तिसऱ्यांदा घागऱ्याची कड पेटली, अल्पिनने पाण्याची बादली तिच्यावर ओतली. ती ओलीचिंब उभी राहून हसली नाही, रडली नाही, फक्त धापा टाकत राहिली.

"आतून कच्चा आहे हा," मुरियल आत्या म्हणाली. ती काळा तुकडा चघळत बसली होती. "बाहेरून कोळसा, आतून पीठ. घाई केलीस तू, मार्सली."

मग आम्ही जेवलो. आनंदात जेवलो असं मी सांगणार नाही. दोघं-तिघं माझ्याशी बोललीच नाहीत. ताट मात्र घेतलं. मी पहिलं ताट ग्रीरला दिलं, सूप, मासा, चीज, कॉडलचं भांडं वरपर्यंत भरून. तिने सगळं खाल्लं. मग म्हणाली, "आणखी आहे?" मी दिलं. तिने माझे आभार मानले नाहीत आणि मला ते बरं वाटलं. त्या क्षणी कुणी आभार मानले असते तर मी त्याच्यावरही ओरडले असते.

टॉरकिल गेला नाही खोऱ्यातून. तुम्हाला वाटलं असेल गेला असेल. ऊनाच्याच घरात राहतो, वरच्या खोलीत. त्या घरात काय बोलणं होतं ते ऊना सांगत नाही. तो लोकांना सांगतो की बायकांनी कट केला. अर्ध्या लोकांना तसंच वाटतं.

परवा गावातल्या दुकानात ड्यूगल भेटला. ड्यूगलने स्वतः बोट घातलं होतं त्या कप्प्यात. पावाची लादी काखेत धरून तो म्हणाला, "झालं ते झालं, मार्सली. पण एका भाकरीच्या तुकड्यासाठी तू अख्खा सण फोडलास. आता त्याला माफ करून टाक. तुझाच जीव हलका होईल."

"माझा जीव हलका आहे," मी म्हटलं. "तुझा जड झालाय म्हणून तू माझ्याकडे आलास."

"राग धरून ठेवू नये गं."

"का? कुठे सांडतोय का? तुला लागला का?"

दुकानदारीण हिशेबाचं यंत्र उगाच बडवायला लागली. मी पिशवी उचलून निघाले. वाट चढताना धाप लागत होती आणि ड्यूगलला आणखी काय काय सुनवायला हवं होतं ते मला एकेक आठवत होतं. आमच्या भिंतीपाशी पोचले तर माझ्या केलच्या भाजीच्या वाफ्यात ग्रीरच्या शेळ्या. तीन. नुकती धरलेली रोपं, पानं नाहीत, देठ नाहीत, मुळासकट.

"ग्रीर!" मी ओरडले. "तुझ्या सटव्यांना आवर! माझा सगळा वाफा खाल्ला!"

ती भिंतीपलीकडून वर आली, कमरेवर हात ठेवून. "मग भिंत दुरुस्त करायला सांग तुझ्या नवऱ्याला! शेळीला काय कळतंय कुणाचा वाफा ते?"

"भिंत तुझ्या बाजूने पडलीय!"

"तुझ्या! तुझ्या मेंढ्याने धडक मारली, मी बघितलंय!"

"माझा मेंढा तुझ्या शेळीसारखा चोरटा नाही!"

"आणि तुझं केल कडूच असतं! शेळ्यांचं पोट बिघडलं तर तुलाच बोलावीन रात्री शेकायला!"

अल्पिन घरातून बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि आत गेला. आम्ही ओरडत राहिलो. खोरं दणाणलं होतं. मधेच ग्रीरने माझ्यावरची नजर काढली, उतारावर पांगलेल्या शेळ्यांकडे वळली आणि तोंडाशी हात नेऊन एकेकीला नावाने हाक मारायला लागली.